मशीनसमोर कोणाला उभे करायचे?

दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकांवर पाट्या लागतात : ‘ऑपरेटर पाहिजेत’. पाटीवर शब्द दोनच. पण ते वाचून फाटकाशी येणाऱ्या तरुणांची रांग मोठी असते. कोणी आयटीआय झालेला, कोणी बारावी नापास, कोणी पुण्या-नाशिकला दोन वर्षे काढून परत आलेला, तर कोणाच्या घरी पाच एकर कोरडवाहू आणि कर्ज. या रांगेतून माणूस निवडायचा कसा, या विषयावर आज आपण बोलणार आहोत.

विषय वरवर छोटा वाटतो. दहा-पंधरा मिनिटांची भेट, चार प्रश्न, ‘उद्यापासून या’ किंवा ‘कळवतो’. परंतु या दहा-पंधरा मिनिटांवर दोन मोठ्या गोष्टी अवलंबून असतात. पहिली, एका कुटुंबाचे वर्ष. पाऊस आणि कापसाचा भाव या दोन्ही बेभरवशाच्या गोष्टींवर जगणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा एक पगार म्हणजे सावकाराच्या दारापासून दूर राहण्याची सोय असते. दुसरी गोष्ट, त्याच माणसाचे हातपाय. मशीन माणूस ओळखत नाही. चुकीचा माणूस, किंवा योग्य असूनही न शिकवलेला माणूस मशीनसमोर उभा केला, तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. २०१७ साली याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन अनेक शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. पंप पाठीवर देताना त्यांतल्या कितीजणांना कोणी विचारले होते, की बाबा रे, तुला हे काम माहीत आहे का? हातमोजे आहेत का? वारा कुठल्या बाजूने आहे हे पाहतोस का? विचारणे ही नुसती औपचारिकता नसते, ते यामुळे लक्षात यावे.

पूर्वी निवड कोण करत असे?

आपल्याकडे गिरणीचे काम सुरू झाले त्या काळात निवड ही मालकाची किंवा मॅनेजरची गोष्ट नव्हतीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत हे काम जॉबर करत असे. स्त्रियांच्या खात्यात नाईकीण असे. गावाकडून माणसे आणायची, सकाळी फाटकावर उभी करायची, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे ते ठरवायचे, काम शिकवायचे, रजा द्यायची आणि प्रसंगी काढूनही टाकायचे, हे सारे जॉबरच्या हाती. साहजिकच नोकरी मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. मालकांना ही पद्धत सोयीची होती, कारण माणसे हुडकण्याचा आणि सांभाळण्याचा त्रास परस्पर टळत होता.

१९३१ साली ‘रॉयल कमिशन ऑन लेबर’चा अहवाल आला. अध्यक्षांच्या नावावरून त्याला व्हिटली कमिशन असेही म्हणतात. कामगारभरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस या कमिशनने केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. रोज फाटकाशी जमणाऱ्या गर्दीतून जॉबरच्या मर्जीने माणूस न उचलता, कार्ड असलेल्या नोंदलेल्या बदली कामगारांना आधी काम द्यायचे, असा तिचा हेतू होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की जॉबर नावाचा माणूस गेला तरी त्याची जागा रिकामी राहिलेली नाही. आज त्या जागी कोठे एजंट आहे, कोठे ठेकेदाराचा माणूस, तर कोठे ‘साहेबांच्या ओळखीचा’ कोणी गावकरी. निवड कशाच्या आधारावर झाली हे कागदावर नसले, की मधला माणूस आपोआप उभा राहतो. त्याला हटवायचे असेल तर नुसते चांगले हेतू पुरत नाहीत. निवडीची पद्धत सर्वांना दिसेल अशी ठेवावी लागते.

आधी काम लिहून काढा

‘मशीन ऑपरेटर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. आपल्या एकाच जिल्ह्यात त्याचे किती अर्थ होतात पाहा. जिनिंगमध्ये डबल रोलर जिनवर लक्ष ठेवणारा ऑपरेटर वेगळा आणि रुईची १७० किलोंच्या आसपासची गाठ बांधणारा प्रेसवरचा ऑपरेटर वेगळा. लोहारा औद्योगिक वसाहतीतल्या रेमंडच्या डेनिम कारखान्यात कताई, रंगाई, विणाई अशी खाती असतात आणि प्रत्येक खात्यातले मशीन वेगळे लक्ष मागते. वणी भागातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या कोळसा खाणींत डंपर आणि शॉव्हेल चालवणाराही ऑपरेटरच. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात पडद्यासमोर बसून आकडे पाहणारा तोही ऑपरेटर. दाल मिलमध्ये तर एकच माणूस ऑपरेटर, फिटर आणि कधीकधी हमालही असतो.

म्हणून निवडीची पहिली पायरी अर्ज मागवण्याच्या आधीची आहे. एक कोरा कागद घ्यावा आणि फोरमनला शेजारी बसवून पाच गोष्टी लिहून काढाव्यात. हा माणूस पाळीत नेमके काय काय करणार? मशीनवर काय वाचावे लागणार? काय उचलावे लागणार? बिघाड झाला तर त्याने स्वतः काय करायचे आणि कोणत्या ठिकाणी थांबून दुसऱ्याला बोलवायचे? आणि या कामात इजा कशी होऊ शकते? या पाच उत्तरांतूनच मुलाखतीचे प्रश्न निघतात. जे काम लिहिता येत नाही, त्यासाठी माणूस निवडताही येत नाही.

जिनिंगचे उदाहरण घेऊ. कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला, तर ठिणगी उडून रुईला आग लागू शकते. रोलरमध्ये कापूस अडकला, की तो हाताने ओढून काढण्याचा मोह होतो आणि अपघात तेथेच होतो. म्हणजे या कामाला ताकदीपेक्षा सावधपणा जास्त लागतो. तरीही आपण निवड करताना पाहतो काय? तर छाती, उंची आणि ‘पोरगा दणकट आहे’ एवढेच.

अर्जांची छाननी

छाननी म्हणजे माणसे गाळणे, असा समज आहे. खरे तर छाननी म्हणजे कोणाला भेटायचे हे ठरवणे. तीत तीन गोष्टी मात्र काटेकोर हव्यात.

पहिली, वय. अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय कोणालाही मशीनजवळ नेऊ नये. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास बंदी आली. ‘घरची परिस्थिती वाईट आहे’ म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला रात्रपाळीला लावणे हा उपकार नव्हे.

दुसरी, प्रमाणपत्र. आयटीआयच्या शिक्षणाला देशात १९५० साली सुरुवात झाली. फिटर, इलेक्ट्रिशियनसारखे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरसारखे एक वर्षाचे. शिवाय १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी केलेल्यांचे प्रमाणपत्र वेगळे असते. ही दोन्ही कागदपत्रे एक नव्हेत. पहिले सांगते की मुलगा शिकला आहे, दुसरे सांगते की त्याने कारखाना आतून पाहिला आहे. मूळ प्रत पाहावी, छायाप्रत ठेवून घ्यावी आणि मूळ प्रत तेथल्या तेथे परत द्यावी. मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवणे म्हणजे माणसाला बांधून ठेवणे होय.

तिसरी गोष्ट बहुतेक अर्जांत लिहिलेलीच नसते. आपल्या खेड्यातल्या मुलाच्या अर्जावर ‘अनुभव : नाही’ असे असते. पण त्याने विहिरीवरची मोटार कितीदा तरी उघडलेली असते, थ्रेशरचा पट्टा बदललेला असते, ट्रॅक्टरचे फिल्टर साफ केलेले असते. हे त्याला अनुभव वाटत नाही, कारण त्याचा दाखला कोणी दिलेला नसतो. छाननीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी : ‘घरी किंवा शेतावर कोणती यंत्रे चालवली वा दुरुस्त केली?’ या एका ओळीने अनेक चांगली माणसे सापडतील. तसेच अर्जात मधली काही वर्षे रिकामी दिसली, तर लगेच फुली मारू नये. वडिलांचे आजारपण, पेरणी, बहिणीचे लग्न या गोष्टी खेड्यातल्या मुलाची वर्षे खातात.

ठरवून घेतलेली मुलाखत

आता प्रत्यक्ष मुलाखत. मुलाखत दोन तऱ्हेने घेता येते. एक, गप्पा मारता मारता. ‘कुठला रे तू? अमक्याचा कोण लागतोस? इंग्रजी येते का? मेहनत करशील ना?’ दुसरी, ठरवून. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चांगले उत्तर कोणते, मध्यम कोणते, चुकीचे कोणते, हे आधीच लिहून ठेवलेले.

कोणती तऱ्हा चांगली? याबद्दल मताला मत देण्याची गरज नाही, कारण यावर भरपूर संशोधन झाले आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी ८५ वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ठरवून घेतलेली मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे, या दोन्हींवरून माणूस पुढे काम कसे करील याचा अंदाज गप्पांच्या मुलाखतीपेक्षा चांगला येतो, असे त्यांना दिसले. नुसती अनुभवाची वर्षे मोजून फारसे काही कळत नाही आणि हस्ताक्षरावरून तर जवळजवळ काहीच कळत नाही, हेही त्यात आले. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले. बरेच आकडे खाली आले, परंतु ठरवून घेतलेली मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली.

याचे कारण समजायला अवघड नाही. गप्पांच्या मुलाखतीत आपण उमेदवाराला तपासत नाही, स्वतःच्या पहिल्या ग्रहाला दुजोरा शोधत असतो. जो आपल्यासारखा बोलतो, आपल्या गावाकडचा, आपल्या जातीचा निघतो, तो ‘बरा’ वाटतो. मुलगा वऱ्हाडीत बोलला, किंवा घरी गोरमाटी, कोलामी नाहीतर गोंडी बोलत असल्यामुळे मराठीत अडखळला, की तो ‘बावळट’ ठरतो. मशीनला यातले काहीच कळत नाही. तिला फक्त तो वेळेवर बटण बंद करतो की नाही एवढे कळते.

मग प्रश्न कसे असावेत? ‘तू प्रामाणिक आहेस का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्याऐवजी प्रसंग द्यावा. ‘मशीन चालू आहे. रोजच्यापेक्षा वेगळा आवाज यायला लागला. तू काय करशील?’ एकजण म्हणेल, ‘पाळी संपेपर्यंत चालू ठेवीन.’ त्याला शून्य गुण. दुसरा म्हणेल, ‘सुपरवायझरला शोधायला जाईन.’ हे बरे, पण तो जाऊन येईपर्यंत मशीन चालूच. तिसरा म्हणेल, ‘आधी बंद करीन, मग सांगीन.’ त्याला पूर्ण गुण.

दुसरा प्रसंग : ‘रोलरमध्ये कापूस अडकला आहे. पाळी संपायला दहा मिनिटे आहेत. सुपरवायझर म्हणतो, बंद करू नको, तसाच काढ. तू काय करशील?’ हा प्रश्न विचारायला मालकाचे धैर्य लागते, कारण उत्तरातून उमेदवाराबरोबर कारखानाही कळतो. ‘बंद केल्याशिवाय हात घालणार नाही’ असे सांगणाऱ्या मुलाला जेथे उर्मट ठरवले जाते, तेथे अपघात ठरलेलाच असतो.

तिसरा प्रश्न मागच्या अनुभवाचा असावा. ‘एखादे यंत्र तुझ्या हातून बिघडले, असे कधी झाले का? मग काय केलेस?’ येथे कबुली ऐकायची असते, दोष शोधायचा नसतो. बिघाड लपवणारा ऑपरेटर हा न येणाऱ्या ऑपरेटरपेक्षा महाग पडतो.

मुलाखत घेणारे दोघे असावेत, त्यांतला एक फोरमन असावा. दोघांनी आपापले गुण वेगवेगळे लिहावेत आणि लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलावे. नाहीतर मोठ्या साहेबांचे मत तेच सर्वांचे मत होते.

हाताची आणि डोळ्यांची परीक्षा

तोंडी उत्तरे पुरेशी नाहीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ट्रामचालकांची परीक्षा घेतली होती. अपघात फार होत, म्हणून चालक निवडायचे कसे, हा प्रश्न होता. त्याने रस्त्यावरची माणसे, घोडे, मोटारी यांच्या जागी आकडे मांडले आणि रुळांवर येऊ शकणारे कोणते, हे चालक किती लवकर आणि किती बिनचूक ओळखतो ते पाहिले. १९१३ च्या त्याच्या इंग्रजी ग्रंथात हे प्रयोग आहेत. त्यातला धडा साधा आहे : ज्या कामासाठी माणूस हवा, त्या कामाचा गाभा काढा आणि तो तपासा.

आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोजपट्टी किंवा व्हर्नियर द्या आणि तुकडा मोजायला सांगा. दाबमापकाचा फोटो दाखवा आणि काटा कोठे आहे ते विचारा. पाळीच्या नोंदवहीचे एक पान भरून घ्या. इंग्रजी बोलता येण्याची गरज नाही, परंतु ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘इमर्जन्सी’ हे शब्द पॅनेलवर ओळखता आले पाहिजेत. येत नसतील तर ते एका दिवसात शिकवता येतात, हेही लक्षात ठेवावे. बंद मशीनसमोर उभे करून ‘सुरू करण्याआधी काय काय पाहशील?’ असे विचारावे. चालू मशीन मात्र नवख्याच्या हाती परीक्षेसाठी कधीही देऊ नये. आणि ‘ट्रायल’च्या नावाखाली आठ-आठ दिवस फुकट राबवून घेणे ही परीक्षा नव्हे, ती फसवणूक आहे.

जेथे लाल-हिरव्या दिव्यांवर काम चालते, किंवा रंगाईत छटा ओळखायची असते, तेथे रंगांधळेपणाची तपासणी करावी. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ठिपक्यांची चित्रे आजही नेत्रतज्ज्ञ वापरतात. हा दोष पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि अनेकांना तो आपल्यात आहे हेच माहीत नसते. तो आढळला म्हणून माणूस निकामी ठरत नाही. त्याला दुसरे मशीन द्यावे.

मुलींना विचारतो ते प्रश्न

आयटीआयमध्ये आता मुलीही फिटर, इलेक्ट्रिशियन होतात. मुलाखतीत मात्र त्यांना ‘लग्न कधी?’, ‘सासरचे पाठवतील का?’ असे प्रश्न पडतात. मशीनशी त्यांचा संबंध काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठी खास कलम होते. जेथे कॉटन ओपनर चालू असेल त्या भागात स्त्रिया आणि मुले यांना कामावर ठेवण्यास मनाई होती. फक्त मशीनच्या दोन बाजूंमध्ये छतापर्यंत भिंत असेल, तर कापूस टाकण्याच्या बाजूला त्यांना काम देता येई. त्या काळी हेतू संरक्षणाचा होता. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कारखाना कायदा त्यांतल्या एकीत सामावला गेला. नव्या व्यवस्थेत स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते, रात्रपाळीसाठी त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. वेतनसंहितेनुसार सारख्या कामाच्या भरतीत स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. तेव्हा प्रश्न एकच विचारावा, तोही सर्वांना : ‘रात्रपाळी असते. येण्याजाण्याची सोय कशी कराल?’

उमेदवारांसाठी चार शब्द

आता रांगेत उभ्या असलेल्या तरुणांशी बोलू. नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नका. पैसे मागणारा माणूस कितीही वजनदार वाटला, तरी बहुधा त्याच्या हाती नोकरी नसतेच. शेत गहाण टाकून दिलेले पैसे परत आल्याचे क्वचितच ऐकू येते. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचे कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्र असते, तेथे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

मुलाखतीत जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणा आणि ‘शिकेन’ हे त्याला जोडा. तुम्ही कोणती यंत्रे हाताळली ते तपशिलाने सांगा. ‘सगळे येते’ या उत्तरापेक्षा ‘पाच एचपीच्या मोटारीचे बेअरिंग बदलले आहे’ हे उत्तर फोरमनला पटते. आणि तुम्हीही विचारा : पाळी किती तासांची? हातात पगार किती पडणार? भविष्य निर्वाह निधी आहे का? मशीन कोण आणि किती दिवस शिकवणार? हंगाम संपल्यावर काम राहील का? नेमणुकीचे पत्र मागा. नव्या संहितेने ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

एक कागद, पाच प्रश्न

छोट्या कारखानदारांना वाटेल, हे सारे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, आमच्याकडे कोठला आलाय मनुष्यबळ विभाग! पण यात खर्चाचे काय आहे? कामाचे वर्णन लिहिलेला एक कागद, ठरवलेले पाच प्रश्न, दोन मुलाखतकार, एक मोजपट्टी आणि दर माणशी अर्धा तास. हंगामाच्या ऐन भरात मशीन दोन दिवस बंद राहिले, तर होणारे नुकसान याच्या कितीतरी पट असते. अपघात झाला तर हिशेबच करता येत नाही.

निवड न झालेल्यांनाही दोन वाक्यांत कारण सांगावे. ‘तुझे मोजमाप चुकले, ते शिकून पुढच्या हंगामात ये’ एवढे सांगितले, तरी परत जाणाऱ्या मुलाला पुढे काय करायचे ते कळते. ‘कळवतो’ म्हणून पाठवलेला मुलगा आठ दिवस वाट पाहतो आणि मग ज्याची ओळख आहे त्यालाच नोकरी मिळते, असे धरून चालतो. मधल्या माणसाचा धंदा नेमका त्याच समजुतीवर चालतो. ती खोटी ठरवणे फाटकाच्या आत बसलेल्यांच्या हाती आहे.